गाडी चालवणाराच आडवा झाला तर हाक कोण देणार?

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

मी मूळची साताऱ्याची. गेली २१ वर्षं दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडमध्ये राहते आणि इथल्या एका रुग्णालयात परिचारिका आहे. आपलं वृत्तपत्र मी रोज सकाळी कामावर निघण्याआधी मोबाइलवर वाचते. ऑस्ट्रेलियाच्या आउटबॅकमध्ये, म्हणजे आतल्या ओसाड भागात, फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी घेऊन हिंडण्याबद्दल मराठीत हल्ली बरंच लिहून येतं. लाल माती, आभाळभर चांदणं, शंभर-शंभर किलोमीटर माणूस न दिसणारे रस्ते, हे सगळं त्यात असतं आणि ते खरंही आहे. पण त्या रस्त्यावर काही झालं तर मदत कशी बोलवायची, यावर फार तर एखादं वाक्य असतं: 'सॅटेलाइट फोन जवळ ठेवावा.' आमच्याजवळ सॅटेलाइट फोन होता. माझ्या हातात होता. मला तो लावता आला नाही, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

जुलै २०१९. इकडे तेव्हा हिवाळा असतो आणि वाळवंटात जायचे तेच महिने. माझे पती, मी, सासूबाई आणि दुसऱ्या गाडीत आमचं एक स्नेही जोडपं, असे आम्ही सिम्पसन वाळवंट ओलांडायला निघालो होतो. कूबर पीडी, मग ऊडनडाटा, मग डलहाउझीचे गरम पाण्याचे झरे आणि तिथून पूर्वेला बर्ड्सव्हिलपर्यंत. या वाळवंटात वाळूच्या ११०० हून अधिक लांबच लांब टेकड्या एकमेकींना समांतर पसरल्या आहेत आणि गाडीवाट त्यांना आडवी जाते. म्हणजे एक टेकडी चढायची, उतरायची, की समोर दुसरी. पर्नी बोअर ही खोल कूपनलिका मागे टाकून आम्ही फ्रेंच लाइन नावाच्या गाडीवाटेला लागलो होतो. स्नेह्यांची गाडी मुक्कामाची जागा बघायला पुढे गेली होती. आम्ही दोन टेकड्यांमधल्या सपाटीवर थांबलो, कारण टपावरचा डिझेलचा कॅन सैल होऊन आवाज करत होता. पती तो आवळायला शिडीवरून वर चढले आणि उतरताना पाय निसटून खाली आले. पडल्याचा आवाज ऐकला तेव्हाच मी समजले. मांडीचं हाड मोडलं होतं. पाय बाहेरच्या बाजूला वळला होता आणि आखूड दिसत होता.

एरवी या प्रसंगात मी काय करायचं ते मला पाठ आहे. पाय स्थिर केला, रक्तस्राव बघितला, नाडी मोजत राहिले. सासूबाईंनी साताऱ्याहून आणलेली गोधडी त्यांच्या अंगावर घातली आणि स्वतः उन्हाच्या बाजूला बसून पदराची सावली धरली. पण त्यानंतर करायचं होतं ते मला येत नव्हतं. संपर्काचं सगळं खातं पतींकडे होतं. यंत्रं त्यांनी निवडली, त्यांनीच लावली, त्यांनीच तपासली. ते अभियंता आहेत, त्यांना त्याची आवड आहे, आणि 'ते आहेत ना' म्हणून मी कधी हात लावला नव्हता. सॅटेलाइट फोन एका दुकानातून भाड्याने आणला होता. मी तो सुरू केला, तर त्याने पिन मागितला. पिन पतींना ठाऊक होता. पण वेदनेने ते अर्धवट शुद्धीत होते आणि दर वेळी वेगळा आकडा सांगत होते. तीनदा चुकीचा आकडा दाबल्यावर सिम बंद झालं. नंतर कळलं, पिन लिहिलेली चिठ्ठी त्यांच्या पाकिटातच होती.

मग बीकन आठवला. पीएलबी, म्हणजे पर्सनल लोकेटर बीकन. संकटात आपली जागा उपग्रहाला कळवणारं, मुठीत मावेल एवढं पिवळं यंत्र. ते टपावरच्या पेटीत, तंबूखाली, औषधांच्या जादा पिशवीत होतं. मी त्याच शिडीवरून वर चढले. पेटी रिकामी करून ते सापडेपर्यंत वीसेक मिनिटं गेली असतील. अँटेना उलगडली, बटण दाबून धरलं आणि बारीक दिवा लुकलुकायला लागला. एवढंच. ते यंत्र बोलत नाही. आपलं कुणी ऐकलं का, कुणी निघालं का, काही कळत नाही. उघड्या आभाळाखाली ते सरळ उभं करून ठेवलं आणि गाड्यांनी आपसात बोलायचा हातातला छोटा यूएचएफ रेडिओ घेऊन मी वाळूची टेकडी चढले, कारण खालून दहा नंबरच्या चॅनलवर नुसती खरखर येत होती. माथ्यावर पोहोचल्यावर तिसऱ्या हाकेला स्नेह्यांचा आवाज आला. ते तासाभरात परत आले. त्यांच्याकडेही यूएचएफशिवाय दुसरं काही नव्हतं.

साडेतीन तासांनी विमानाचा आवाज आला. सूर्य मावळायच्या आत हेलिकॉप्टरने पतींना उचललं. आज ते चालतात, थोडे लंगडतात, गाडीही चालवतात. मदत आली ती त्या पिवळ्या यंत्रामुळे, जे आम्ही सामानाच्या तळाशी टाकलं होतं.

तेव्हापासून माझं म्हणणं एकच आहे आणि ते मी भेटेल त्या प्रत्येक मराठी कुटुंबाला सांगते. संकटातलं यंत्र घेताना दुकानात आपण गाडी चालवणाऱ्याला डोळ्यांपुढे ठेवतो. डोळ्यांपुढे असायला हवं ते दुसरंच माणूस: तो आडवा झाल्यावर जे उभं राहील ते. ती बायको असेल, बारा वर्षांची मुलगी असेल, भारतातून दोन महिन्यांसाठी आलेली आई असेल, जिला इंग्रजी फोनवर बोलायची सवय नाही. तिला जे यंत्र घाबरलेल्या अवस्थेत, थरथरत्या हाताने वापरता येईल ते आधी घ्यावं. उरलेली त्यानंतर.

ही गोष्ट इथल्या मातीतच आहे, हे मला पुढे समजलं. ऑस्ट्रेलियाच्या २० डॉलरच्या नोटेवर जॉन फ्लिन यांचा चेहरा आहे. त्यांच्या प्रयत्नांतून १९२८ मध्ये विमानाने डॉक्टर पाठवायची सेवा सुरू झाली, तीच आजची रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस. पण डॉक्टरला बोलवायचं कसं? दूरच्या गुरांच्या वाड्यांवर ना वीज ना टेलिफोन. ॲडलेडच्या आल्फ्रेड ट्रेगर यांनी १९२९ च्या सुमारास सायकलसारखे पेडल मारून चालणारा रेडिओ तयार केला. संदेश मोर्स लिपीत, कडकट्ट करत पाठवावे लागत, आणि वाड्यावर एकट्या असणाऱ्या बायकांना मोर्स कुठून येणार? तेव्हा ट्रेगर यांनी त्याला टाइपरायटरसारख्या कळा जोडल्या. अक्षराची कळ दाबली की त्याचा मोर्स संकेत आपोआप जाई. घरात उरणाऱ्या माणसाच्या हाताला जमेल असं यंत्र हवं, हे त्या माणसाला ९० वर्षांपूर्वी कळलं होतं.

आता प्रत्यक्ष निवडीबद्दल, मला जे कळलं आहे ते लिहिते.

मोबाइलवर भिस्त ठेवू नका. इथली सर्वात मोठी कंपनी लोकसंख्येच्या ९९ टक्क्यांहून जास्त लोकांपर्यंत पोहोचल्याचं सांगते आणि ते खरं आहे, पण लोक राहतात किनाऱ्याला. जमिनीच्या हिशेबाने अर्ध्याहून अधिक देश रेंजबाहेर आहे. ऊडनडाटा सोडलं की फोन म्हणजे कॅमेरा. गेल्या काही वर्षांत फोनमधूनच उपग्रहाशी बोलता येऊ लागलं आहे. आयफोन १४ पासूनच्या फोनवर ही आपत्कालीन सोय ऑस्ट्रेलियात २०२३ च्या मे महिन्यात आली, आणि २०२५ पासून काही फोनवर उपग्रहामार्फत साधे मेसेजही जातात. ही चांगली गोष्ट आहे, आणि ज्याच्याकडे दुसरं काहीच नाही त्याचा जीव त्याने वाचेल. पण तरुण मुलं 'आता फोनमध्येच सगळं आहे' म्हणून बाकीचं घेत नाहीत, याची मला काळजी वाटते. तोच फोन नकाशा दाखवतो, गाणी वाजवतो, फोटो काढतो आणि संध्याकाळपर्यंत मरतो. पडला की काच फुटते. ३५ अंशांच्या वर तापमान असेल तर आयफोन वापरू नये असं कंपनीच सांगते, आणि ऊडनडाटाला २ जानेवारी १९६० रोजी ५०.७ अंश नोंदलं गेलं आहे. आणखी एक: ऑस्ट्रेलियाचा आपत्कालीन नंबर ०००, त्याला मेसेज करता येत नाही, बोलावंच लागतं. त्यामुळे साधा मेसेज जातो म्हणजे ००० ला कळवता येतं, असं समजू नका.

पीएलबी हे पहिलं घ्यायचं यंत्र. ते ४०६ मेगाहर्ट्झवर संकेत पाठवतं आणि कॉस्पास-सारसॅट नावाची उपग्रहांची आंतरराष्ट्रीय व्यवस्था तो पकडते. अमेरिका, कॅनडा, फ्रान्स आणि तेव्हाचा सोव्हिएत संघ यांनी शीतयुद्धाच्या ऐन भरात एकत्र येऊन ती उभारली आणि तिचा पहिला उपग्रह १९८२ मध्ये सुटला. ऑस्ट्रेलियातून गेलेला संकेत कॅनबेरातल्या बचाव समन्वय केंद्रात पोहोचतो. ते केंद्र ऑस्ट्रेलियन मेरिटाइम सेफ्टी ऑथॉरिटी, म्हणजे 'आम्सा', चालवते. नावात समुद्र असला तरी वाळवंटातल्या बीकनची हाकही तेच घेतात. जीपीएस असलेलाच पीएलबी घ्या. त्याने जागा साधारण १२० मीटरपर्यंत नेमकी कळते, नसेल तर शोध पाच किलोमीटरच्या परिघात घ्यावा लागतो. एकदा सुरू केला की तो किमान २४ तास संकेत देत राहतो. बॅटरी बंदिस्त असते आणि वर्षानुवर्षं टिकते. तिची मुदत यंत्रावर छापलेली असते, ती मात्र बघत राहायची. महिन्याचं भाडं नाही, पिन नाही, चार्जिंग नाही. किंमत साधारण ३०० ते ४०० डॉलर. बोटींसाठी असतो तो ईपर्ब, तो वेगळा आणि मोठा, गाडीसाठी त्याची गरज नाही.

नोंदणी मात्र करावीच लागते. ती आम्साकडे फुकट होते आणि दर दोन वर्षांनी ताजी करावी लागते. परदेशातून स्वस्तात मागवलेला बीकन त्या देशाच्या क्रमांकाचा असतो, तो इथे तसाच नोंदवता येत नाही, म्हणून इथलाच घ्या. नोंदणीत गाडीचा रंग, क्रमांक, माणसं किती, वाट कोणती, हे लिहिता येतं. आणि त्यात संकटकाळी कुणाला फोन करायचा त्यांची नावं द्यावी लागतात. हे पत्र मी मराठी वृत्तपत्राला लिहिते आहे त्याचं खरं कारण हे आहे.

आमच्या नोंदणीत पहिलं नाव साताऱ्याच्या माझ्या दादाचं होतं. माहेरचं माणूस म्हणून पतींनीच ते घातलं होतं. बीकन सुरू झाल्यावर तो खरा आहे की चुकून दाबला गेला, माणसं कोण, आजार काही आहेत का, हे विचारायला केंद्रातून त्या नंबरांवर फोन जातो. दादाला फोन गेला तेव्हा भारतात सकाळचे आठ वाजत होते. अनोळखी परदेशी नंबर. त्याच आठवड्यात त्याच्या ओळखीच्या एका गृहस्थांना बँकेच्या नावाने फोन येऊन फसवणूक झाली होती. दादाने फोन कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला. त्याची चूक मी मानत नाही, कारण आम्ही त्याला काही सांगितलंच नव्हतं. त्याने उचलला असता तरी 'ते कुठेतरी फिरायला गेलेत' यापलीकडे त्याला माहीत नव्हतं. दुसरं नाव ॲडलेडच्या आमच्या शेजारणीचं. तिने पहिल्या घंटेला उचलला. तिच्या फ्रिजवर आमच्या मुक्कामांचा कागद लावलेला होता. दोन्ही गाड्यांचे क्रमांक, सासूबाईंचं वय आणि रक्तदाबाची गोळी, मी नर्स आहे हेसुद्धा तिने सांगितलं. दादा अजून त्या दोन कापलेल्या फोनांबद्दल बोलतो तेव्हा त्याचा आवाज बदलतो.

म्हणून ज्यांची मुलं ऑस्ट्रेलियात शिकायला किंवा नोकरीला आहेत त्यांना माझी विनंती आहे. मुलगा किंवा मुलगी आउटबॅकमध्ये निघाली की विचारा: बीकन घेतला आहे का, आणि त्याच्या नोंदणीत माझं नाव आहे का? असेल, तर परत येईपर्यंत +६१ ने सुरू होणारा प्रत्येक फोन उचला. ॲडलेड भारताच्या चार तास पुढे असतं, इथल्या उन्हाळ्यात पाच. त्यामुळे फोन तुमच्या भल्या पहाटेही येऊ शकतो. वाट, गाडीचा क्रमांक, बरोबर कोण आहे, कधी पोहोचणार, हे एका कागदावर लिहून घ्या. आणि पहिलं नाव ऑस्ट्रेलियातल्याच एखाद्या माणसाचं घालायला सांगा, तुमचं दुसरं असू द्या.

पीएलबीच्या जोडीला दोन्हीकडून बोलणारं यंत्र हवं, हे मी त्या साडेतीन तासांत शिकले. 'पुरुष, ५६, मांडीचं हाड मोडलंय, शुद्ध आहे, बाहेर रक्तस्राव नाही', एवढं मला कळवता आलं असतं, तर तिकडून निघणाऱ्याला काय बरोबर घ्यायचं ते कळलं असतं. आणि 'निघालोय' एवढा एक शब्द मला मिळाला असता, तर सासूबाईंना काहीतरी सांगता आलं असतं. त्या दर दहा मिनिटांनी विचारत होत्या आणि मी आभाळाकडे बघत होते. गार्मिन इनरीच, झोलिओ अशी मेसेजची यंत्रं इरिडियमच्या उपग्रहांवरून चालतात. हे उपग्रह खालच्या कक्षेत सगळ्या पृथ्वीभोवती फिरत असतात, त्यामुळे वाळवंटातही पोहोच असते. त्यांत धोक्याचं वेगळं बटण असतं, आणि रोज संध्याकाळी 'पोहोचलो' म्हणून घरी कळवता येतं, ज्याने आई-वडिलांची झोप वाचते. मात्र त्यांना दर महिन्याला वर्गणी लागते आणि ती चालू आहे का हे निघण्यापूर्वी बघावं लागतं. चार्ज करावं लागतं. सविस्तर लिहायला ते मोबाइलला जोडावं लागतं, आणि मोबाइल मेला तर काही यंत्रांवर मोजक्या बटणांनी अक्षर अक्षर टिपत बसावं लागतं, काहींवर तेही जमत नाही. म्हणून ते पीएलबीच्या ऐवजी घेऊ नये. आम्ही आता दोन्ही नेतो. एकच परवडत असेल, तर वयस्कर माणसं बरोबर असणाऱ्यांना मी पीएलबीच सांगते. कुणी याच्या उलटही सांगतील, कारण बोलता येण्याची किंमत मोठी आहे. पण त्या दिवशी माझ्या हाताला जे जमलं ते एक अँटेना आणि एक बटण होतं.

बटण कधी दाबायचं, याबद्दल मराठी माणसांत मी एक संकोच पाहिला आहे. 'उगाच सरकारी विमान कशाला', 'पैसे मागितले तर?' इथे शोध आणि बचावाचं बिल बीकन दाबणाऱ्याला पाठवत नाहीत. जीव धोक्यात असेल, मोठी जखम असेल, पाणी संपत आलं असेल, तर दाबा. चुकून दाबला गेला तर बंद करा आणि शक्य तितक्या लवकर आम्साला कळवा, प्रामाणिक चुकीला दंड नाही. टायर फुटला, गाडी रुतली, यासाठी मात्र ते नाही. आणि मुदत संपलेला बीकन कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. कचरा डेपोतून संकेत सुटतात आणि माणसं शोधायला निघतात.

सॅटेलाइट फोन वाईट नाही. डॉक्टरशी थेट बोलता येणं याची सर कशालाच नाही. रस्त्यावरच्या जखमीला कसं हलवायचं हे बोलूनच नीट कळतं. पण भाड्याने घेतलात तर दुकानातच, तिथल्या तिथे, गाडीतल्या प्रत्येकाने तो सुरू करून एकदा लावून बघा. पिन काढूनच टाकायला सांगा. कुठल्या उपग्रहावर चालतो तेही विचारा. एप्रिल २०२४ मध्ये थुराया कंपनीचा इकडचा उपग्रह बिघडला आणि ऑस्ट्रेलियातले तिचे फोन बंद पडले. कपाटात जुना संच पडलेला असेल, तर त्यावर विसंबू नका.

यूएचएफ रेडिओ प्रत्येक गाडीत असावा, पण तो जवळच्यांशी बोलायला आहे. त्याची शक्ती जास्तीत जास्त पाच वॅट आणि लहरी सरळ रेषेत जातात, मध्ये टेकडी आली की संपलं. महामार्गावर ट्रकवाले ४० नंबरवर असतात. सिम्पसनमध्ये १० नंबरवर बोलत राहायचं, म्हणजे टेकडीच्या पलीकडून वर येणारी गाडी कळते. ५ आणि ३५ हे फक्त संकटासाठी राखलेले आहेत, पण तिथे कुणी ऐकत बसलेलं असेलच असं नाही. हा रेडिओ घेतला म्हणजे सोय झाली, असं मानणारे बरेच भेटतात, आमचे स्नेहीही त्यांपैकीच होते.

एचएफ रेडिओ हा जुना, लांब पल्ल्याचा प्रकार. त्याच्या लहरी आकाशातल्या वरच्या थरावरून परतून हजारो किलोमीटर जातात. ॲडलेडहून चालणारं व्हीकेएस-७३७ नावाचं फोर-व्हील-ड्राइव्हवाल्यांचं जाळं आहे, तिथे रोज ठरलेल्या वेळी हजेरी होते. गाडी आपला क्रमांक आणि ठिकाण सांगते आणि अख्खं वाळवंट ते ऐकतं. एका वयस्कर जोडप्याच्या गाडीत बसून मी ती हजेरी ऐकली आहे. एखाद्या गाडीचं उत्तर आलं नाही, तर पलीकडचा माणूस थांबून पुन्हा विचारतो. कॅनिंग स्टॉक रूटसारख्या १८५० किलोमीटरच्या वाटेवर जाणारे अजूनही तो बाळगतात. पण संच महाग, अँटेना मोठी आणि वापरायला शिकावं लागतं. वर्षातून एकदा सुटीवर जाणाऱ्या कुटुंबाला मी तो सांगणार नाही.

यंत्र कुठे ठेवायचं, हे कोणतं घ्यायचं याच्याइतकंच मोलाचं आहे. गाडी उलटली, पेटली किंवा नदीच्या पाण्यात अडकली तर टपावरची पेटी कशाला उपयोगी? आमचा पीएलबी आता माझ्या कमरेच्या पट्ट्याला असतो. मेसेजचं यंत्र पुढच्या दोन सीटांच्या मध्ये, मागच्या सीटवरूनही हात पोचेल असं. निघण्याच्या आदल्या रात्री जेवणानंतर सगळ्यांनी एकदा हातात घ्यायचं: अँटेना कुठे, बटण कुठलं, झाकण कसं निघतं. खरं दाबायचं नाही, चाचणीचं बटण वेगळं असतं.

आणि मदत येईपर्यंत गाडी सोडायची नाही. डिसेंबर १९६३ मध्ये बर्ड्सव्हिल ट्रॅकवर एका कुटुंबातली पाचही माणसं उन्हात पाण्यावाचून गेली. त्यात मुलं होती. ती गाडीपासून दूर चालत गेली होती. त्यांची कबर अजून तिथे आहे, आम्ही त्या वाटेने जाताना थांबतो. विमानातून गाडी दिसते. चालणारं माणूस दिसत नाही.

एक सूचना भारतात परतणाऱ्यांसाठी. सॅटेलाइट फोन आणि ही मेसेजची यंत्रं सामानात घालून भारतात नेऊ नका. तिथे सरकारी परवानगीशिवाय ती बाळगणं गुन्हा आहे आणि अशा यंत्रांसाठी विमानतळांवर प्रवाशांना ताब्यात घेतलं गेलं आहे. मुलांनी हौसेने दिली तरी इथेच ठेवा.

हे पत्र शक्य झाल्यास ऑक्टोबरच्या आत छापावं, ही विनंती. दिवाळी झाली की पुष्कळ आई-वडील मुलांकडे इकडे येतात आणि नाताळच्या सुटीत गाडी काढून फिरायला निघतात. सिम्पसन वाळवंटाचं उद्यान १ डिसेंबर ते १५ मार्च बंद असतं, पण ऊडनडाटा आणि बर्ड्सव्हिलच्या वाटांना तशी ठरलेली बंदी नसते, आणि तो इथला सर्वात कडक उन्हाळा. भाड्याने घेतलेल्या गाडीत बीकन असतोच असं नाही, तो वेगळा मागावा लागतो.

सासूबाई यंदा जुलैत पुन्हा आमच्याबरोबर येणार आहेत. त्यांना इंग्रजी येत नाही. परवा त्यांनी चष्मा लावून पीएलबीची अँटेना स्वतः उलगडली, पुन्हा गुंडाळून ठेवली आणि म्हणाल्या, 'एवढंच होय? मग त्या दिवशी मला का नाही सांगितलंत?'

आपली नम्र,
एक वाचक,
ॲडलेड, दक्षिण ऑस्ट्रेलिया